टप चढेना

गोंदिया जिल्ह्यात उघड्या गाडीत बसून फिरावं असे दिवस वर्षात फारसे मिळत नाहीत. मार्च संपता संपता ऊन चटके देऊ लागतं, मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो, जूनच्या मध्याला पाऊस उतरतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत हलत नाही. तो गेला की धानाची कापणी, मळणी आणि हवेत तरंगणारा भुसा. उरला हिवाळा. त्यातही सकाळी तलावांच्या बाजूने जाताना कानटोपी लागते. तरी आमच्याकडे उघड्या गाड्यांना तोटा नाही. धानाच्या कट्ट्यांवर माणसं बसवून धावणारी ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, नागझिरा अभयारण्याच्या गेटवर पहाटे रांगेत उभ्या राहणाऱ्या जिप्सी आहेत, लग्नसराईत बँडच्या पुढे चालणारी सजवलेली बग्गी आहे. यांच्यापैकी एकीलाही कुणी ‘कन्व्हर्टिबल’ म्हणत नाही. तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो माझ्या पुण्याच्या भाच्यासोबत.

भाच्याने दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली, परदेशी बनावटीची, कापडी छपराची गाडी घेतली होती. बटण दाबलं की छप्पर आपोआप मागे जाऊन डिक्कीत घडी होऊन बसतं, आणि पुन्हा दाबलं की बाहेर येऊन डोक्यावर लागतं. आमगावला माझ्या पुतणीचं लग्न निघालं, तेव्हा नवरदेवाची वरात याच गाडीतून काढायची हे घरातल्या तरुण मंडळींनी आम्हाला न विचारता ठरवून टाकलं. मे महिना होता. संध्याकाळी छप्पर मागे गेलं, मोगऱ्याच्या माळा लागल्या, मागच्या सीटच्या पाठीवर नवरदेव बसला आणि गाडी माणसाच्या चालीने, किंबहुना नाचणाऱ्या माणसाच्या चालीने, गावातून फिरली. वरात मांडवात पोचेपर्यंत उत्तरेकडून, बालाघाटच्या अंगाने, ढग चढून आले होते. भाच्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. गाडीने एकदा बारीक ‘टुक’ असा आवाज केला आणि समोरच्या काचेवर एक ओळ उमटली. तिचा अर्थ एवढाच होता, की छप्पर हलवता येत नाही. का येत नाही, ते नव्हतं.

पुढची दोन तास चाललेली धांदल मी लिहीत बसत नाही. लग्नघरी अशा वेळी सल्ल्यांचा तुटवडा नसतो. कुणी म्हणालं बॅटरी उतरली, कुणी म्हणालं काढून पुन्हा लावा, एका पाहुण्याने तर हातांनी ओढून लावू म्हणत कोट काढला. भाच्याने त्याला हात जोडले. शेवटी मांडवाशेजारच्या राइस मिलच्या मालकांनी गाडी आवारात लोटायला सांगितली आणि दोन हमाल धानावरची ताडपत्री घेऊन आले.

ती ताडपत्री घालताना मी पाहत उभा होतो. वारा सुटला होता. त्या दोघांनी आधी वाऱ्याच्या अंगाची कड जमिनीला लावली, तिच्यावर पोत्यांचं वजन ठेवलं, आणि मगच दुसरी कड गाडीवरून ओढत नेली. उलट केलं असतं तर ताडपत्री फुगून शिडासारखी उडाली असती. बोनेटवर दोर आडवा न टाकता त्यांनी तो चाकांच्या खालून घेतला, रंगाला घासू नये म्हणून. मधोमध एक रिकामा कट्टा उभा करून ठेवला, की पाणी साचून खळगा पडू नये. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा त्यांचं काम आटोपलेलं होतं, आणि आम्ही मांडवात जेवत होतो.

जिल्ह्यातल्या माणसाला ही विद्या कुठून आली ते इथल्या कुणाला सांगायला नको. गोंदिया तांदळाचं गाव म्हणवतं, आणि धान खरेदीच्या हंगामात केंद्रांच्या आवारात, गोदाम अपुरं पडलं की उघड्यावर, धानाच्या थप्प्या लागतात. अवकाळी पाऊस आला की भिजलेल्या धानाच्या बातम्या येतात. कोंब फुटलेलं धान हातात घेतलेल्या शेतकऱ्याचा फोटो येतो. ज्याच्या घरात वर्षाचं पीक एका ताडपत्रीच्या भरवशावर राहतं, त्याला वारा कुठून येतो हे पाहून कड दाबायला शिकवावं लागत नाही. त्या रात्री मला जाणवलं ते इतकंच, की उघडं असणं ही चैन आहे ती फक्त त्याची, ज्याला हवं तेव्हा झाकून घेता येतं. भाच्याने पैसे मोजले होते ते आभाळासाठी नव्हते; आभाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही फुकट दिसतं. त्याने पैसे मोजले होते त्या बटणासाठी, आणि बटणाने काम करायचं नेमक्या वेळी नाकारलं होतं.

सकाळी भाच्याने नागपूरला फोन केला. शोरूममधून उत्तर आलं, की गाडी ट्रकवर घालून आणा, संगणक लावून पाहू, चार-पाच दिवस लागतील. मिलच्या मालकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, ‘‘आधी आमच्या वायरिंगवाल्याला दाखवून पाहा.’’

वायरिंगवाले म्हणजे गोंदियातले एक ऑटो इलेक्ट्रिशियन. पन्नाशीचे गृहस्थ. मिलच्या ट्रकांची, ट्रॅक्टरांची, मोटरपंपांची कामं करत आलेले. नागझिऱ्याच्या जिप्सीवाल्यांची सेल्फ, डायनॅमो हीही त्यांच्याकडेच येतात. असली गाडी त्यांनी याआधी पाहिली नव्हती, आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मला ते आवडलं. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नाही. भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, इंजिन चालू करायला लावलं, स्वतः मागच्या बाजूला जाऊन डिक्कीच्या झाकणाला कान लावला आणि म्हणाले, ‘‘आता दाबा. एकदाच.’’

भाच्याने दाबलं. ते तसेच वाकून उभे.

‘‘काल रात्री बटण दाबत बसले असान तुम्ही.’’

भाचा हसला.

‘‘पंप चालत असता तर काल तुम्ही त्याले जाळून टाकला असता. नशीब, त्याच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही जी. एकबी आवाज येऊन नाही राहिला.’’

मग त्यांनी मालकाची पुस्तिका मागवली. इंग्रजी आम्हाला वाचायला सांगितलं आणि चित्रं स्वतः पाहिली. तेवढ्यावरून त्यांनी जे समजून घेतलं, ते मला नंतर मिलच्या ओट्यावर चहा पिताना समजावून दिलं. मी ते माझ्या भाषेत मांडतो.

अशा छपराच्या मागे डिक्कीत एक विजेची मोटर असते. ती तेलाचा पंप फिरवते. तेल बारीक नळ्यांतून दोन्ही बाजूंच्या दट्ट्यांकडे जातं आणि दट्टे छपराच्या लोखंडी कमानी उचलतात. हाताने कुणी काही उचलत नाही म्हणून जोर कमी लागतो असं नाही. जोर मोटर लावते, आणि तो लावताना ती भरपूर वीज ओढते. म्हणून इंजिन चालू ठेवूनच छप्पर हलवायचं. बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असलं की चौदाच्या आसपास. कालच्या वरातीत गाडी तासन् तास मुंगीच्या पावलांनी चालली होती, दिवे आणि गाणी चालू होती, पण मीटर लावल्यावर बॅटरी ठीक निघाली. ती शंका तिथेच मिटली.

मग आवाजाचं शास्त्र. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण छप्पर हलत नाही, तर तेल कमी झालं आहे किंवा पंपावरचा दाब सोडायचा स्क्रू कुणीतरी उघडा ठेवला आहे. एक बाजू उचलते आणि दुसरी मागे राहते, तर त्या बाजूचा दट्ट्या गळतो आहे. मोटर सुरू होऊन मध्येच थांबते, तर ती तापली आहे. तिला थंड होऊ द्या. छप्पर अर्ध्यावर अडतं, तर कापडात शिवलेला एखादा लवचिक पट्टा तुटला असेल आणि घडी जिथे पडायला हवी तिथे पडत नसेल. पण आवाजच नाही, मोटर फिरलीच नाही, रिलेची टिचकीसुद्धा ऐकू आली नाही, तर बिघाड छपरात नाही. तो परवानगीत आहे.

हा ‘परवानगी’ शब्द त्यांचाच. गाडी छप्पर हलवण्याआधी एकामागून एक विचारत जाते. गाडी उभी आहे का? कारण चालत्या गाडीत अर्धं उचललेलं छप्पर वारा मागे भिरकावून देईल. डिक्कीचं झाकण नीट लागलं आहे का? कारण छपराला जागा तिथेच लागते. डिक्कीतला आडवा पडदा, जो सामान आणि छपराची जागा वेगळी ठेवतो, तो खाली आपल्या खाचेत बसला आहे का? कारण वर राहिलेल्या बॅगेवर छप्पर आदळलं तर काच फुटेल. काचा थोड्या उतरल्या आहेत का? कारण त्यांना चौकट नसते, त्या थेट छपराच्या रबरात जाऊन बसतात. छपरामागचं झाकण उघडलं का, कमान पुढे आली का, वरचा आकडा पुढच्या काचेच्या चौकटीत अडकला का? प्रत्येक प्रश्नाला एक लहानसा स्विच उत्तर देतो. सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं तरच काम पुढे सरकतं. एक जरी गप्प बसला, तरी गाडी त्याला ‘नाही’ समजते. तहसील कचेरीत फाइल अडते तेव्हा सगळ्या टेबलांवर सही झालेली असते आणि एकाच टेबलावरचा माणूस रजेवर असतो. पण खिडकीवर आपल्याला फक्त ‘झालं नाही’ एवढंच सांगतात. माझ्या भाच्याला काचेवर दिसलेली ओळ तीच होती.

त्यामुळे दुरुस्तीचं पहिलं काम म्हणजे हत्यार चालवणं नव्हतं. कोण गप्प बसलंय ते शोधायचं होतं.

वायरिंगवाल्यांनी सोप्याकडून सुरुवात केली. आडवा पडदा पाहिला. डिक्कीत आहेराची भांडी, फटाक्यांची उरलेली लड, कुणाची तरी चप्पल आणि मोगऱ्याच्या माळांचा गुंता होता. ते सगळं बाहेर काढलं आणि पडदा खाचेत बसवला. बटण. काही नाही. फ्यूज पाहिले, चांगले होते. रिले काढून तिच्या जागी तशीच दुसरी, हॉर्नची रिले लावून पाहिली. काही नाही. मग ते थोडा वेळ नुसते डिक्कीचं झाकण वर-खाली करत राहिले. आम्हाला वाटलं विचार करतायत. ते डिक्कीतल्या लहान दिव्याकडे पाहत होते. झाकण एका ठरावीक उंचीवर आलं की तो दिवा लुकलुकायचा.

‘‘हे बघा,’’ ते म्हणाले. ‘‘हिचं बोलणं इथं तुटून राहिलं.’’

झाकणाच्या बिजागरीपाशी तारांचा एक जुडगा रबरी नळीतून गाडीतून झाकणात जातो. झाकण जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा तो जुडगा त्याच जागी वाकतो. त्यांनी रबरी नळी मागे सारली. एक तार वरून धड दिसत होती, पण बोटांत धरून ओढली तर रबरासारखी ताणली जात होती. आतलं तांबं तुटलेलं, वरचं आवरण तेवढं शाबूत. झाकण बंद झालं की तुटकी टोकं कधी एकमेकांना टेकायची, कधी नाही. कालच्या वरातीत फुलं, फटाके, आहेर यांसाठी डिक्की सारखी उघडली-मिटली गेली होती. जी तार महिन्याभराने पूर्ण तुटायची ती एका संध्याकाळीच संपली. डिक्की बंदच होती. डिक्की बंद आहे असं सांगणारी तार तेवढी मुकी झाली होती.

मी त्यांना विचारलं, की मग काल रात्री पाहुण्यांनी ओढून का लावू नये? पुस्तिकेत तर हाताने लावायची रीतही दिलेली आहे; पंपावरचा स्क्रू सैल करून दाब सोडायचा, दोघांनी दोन्ही बाजूंनी सारखं उचलायचं, पुढचा आकडा किल्लीने फिरवून अडकवायचा.

‘‘लागते. चार माणसं लावली तर लागून जाते. पण एकाने जोर जास्त दिला तर कमान वाकते जी, मंग ते कधीच सरळ नाही बसत. आन् दुसरं म्हणजे, टप कुठं आहे ते गाडीले समजत नाही मंग. तिचा हिशेब चुकून जाते.’’

हे मला त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत खोल वाटलं, आणि त्यांनी ते अगदी सहज, पाने फिरवत सांगितलं. आपल्या रिक्षांच्या टपाला असा कुठलाही हिशेब ठेवावा लागत नसे. गोंदिया स्टेशनबाहेर सायकलरिक्षांची रांग असायची, आता तिथे ई-रिक्षा आल्या. त्या सायकलरिक्षांचा टप म्हणजे चार-पाच कमानी आणि त्यांच्यावर ताणलेलं रेक्झिन. ऊन लागलं की रिक्षावाला मागे न पाहता एका हाताने तो पुढे ओढायचा, थांबा आला की मागे ढकलायचा. तो कुठे आहे हे त्याच्या हाताला माहीत असायचं. बटणवाल्या छपरात हातातलं हे माहीत असणं काढून गाडीच्या आत ठेवलेलं असतं, बारीक बारीक स्विचांत वाटून. म्हणून ती गाडी बंद पडली की मालकाच्या हातात काहीच उरत नाही. हमालांच्या हातात ताडपत्री तरी होती.

नागझिऱ्याच्या जिप्सीचा टपही असाच, रिक्षासारखा हाताचा. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली, तेव्हा तिला कापडी छप्परच होतं. लोखंडी कमानी, मागे प्लॅस्टिकच्या पारदर्शक खिडक्या, कडांना टिचबटणं आणि पट्टे. लष्कराने ती घेतली, पोलिसांनी घेतली आणि जंगलांनी तर तिला सोडलंच नाही. तिचं उत्पादन २०१९च्या सुमारास थांबलं, तरी वाघ पाहायला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे अजून तीच उभी राहते. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव-नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. त्या गेटांवरच्या जिप्सींचा टप पर्यटनासाठी काढूनच ठेवलेला असतो, आणि सीटं उंच केलेली असतात. मे महिन्यात जंगलाच्या आत अवकाळी सर गाठते तेव्हा ड्रायव्हर सीटखालून ताडपत्री काढतो, पाहुण्यांना एक-एक कड धरायला लावतो आणि गाडी सागाखाली उभी करतो. पर्यटकांना ती सर आठवणीत राहते. मी एकदा अशी कड धरून उभा होतो. समोरच्या वाटेवरून रानगवा शांतपणे ओलांडून गेला आणि आमच्यातल्या एकानेही कॅमेरा काढला नाही, कारण हात गुंतले होते.

महाराष्ट्रात हाताने घडी होणारं कापडी छप्पर हल्ली पुन्हा दिसतं ते नाशिकला बनणाऱ्या थारमुळे. २०२०च्या नव्या थारला तसं छप्पर देऊ केलं गेलं. गोव्यातही १९९०च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, फायबरच्या अंगाची उघडी गाडी बनत होती, रेनोचं छोटं इंजिन घालून. फार विकल्या गेल्या नाहीत. भारतात उघडी गाडी घेणाऱ्याला ऊन, धूळ, पाऊस आणि नाक्यावर खिडकीतून आत डोकावणारी माणसं यांचा हिशेब करावा लागतो. बहुतेकांचा तो जमत नाही.

बटणाच्या छपराची कल्पना मात्र जुनी आहे आणि तिचा जनक माझ्या मनात घर करून बसला आहे. झॉर्ज पोलँ हा पॅरिसमधला दंतवैद्य. दात बसवता बसवता त्याला गाड्यांचं वेड लागलं. संपूर्ण धातूचं छप्पर डिक्कीत जाऊन बसेल अशी रचना त्याने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला काढली आणि तिचं पेटंट घेतलं. १९३४ साली प्यूजोच्या ४०१ एक्लिप्स या गाडीवर ती आली, पुढे ४०२वरही. ‘एक्लिप्स’ म्हणजे ग्रहण. छप्पर डिक्कीत नाहीसं होतं म्हणून. एका दंतवैद्याला ही युक्ती सुचावी यात मला नवल वाटत नाही. जबड्यात प्रत्येक दात दुसऱ्याला नेमक्या जागी भेटला पाहिजे, नाहीतर तोंड बंद होत नाही, हे दंतवैद्याइतकं कुणाला कळणार? दुसऱ्या महायुद्धात पोलँ नाझींविरुद्धच्या गुप्त कामात शिरला. पकडला गेला. मार्च १९४२मध्ये त्याला गोळ्या घालून मारलं.

अमेरिकेत १९३९च्या प्लिमथने इंजिनाच्या निर्वाताच्या जोरावर कापडी छप्पर उचलून दाखवलं. पुढे विजेची मोटर आणि तेलाचा दाब आला. आणि हाव वाढली की काय होतं ते पाहायचं असेल तर १९५७ची फोर्ड स्कायलायनर पाहावी: आख्खं लोखंडी छप्पर डिक्कीत घालणारी, आत ६०० फुटांहून जास्त तारा आणि मोटरा, रिले, स्विच यांचा पसारा असलेली गाडी. १९५९नंतर ती बनली नाही. पण तिने लावलेली शिस्त, की एका स्विचने ‘झालं’ म्हटल्याशिवाय पुढची मोटर फिरायची नाही, ती आजच्या प्रत्येक बटणवाल्या छपरात टिकून आहे. माझ्या भाच्याच्या गाडीतली ती मुकी तार त्याच वंशातली.

या परवानगीच्या साखळीवर मी रागावू शकत नाही, जरी त्या रात्री रागावलो होतो. तिच्यात शहाणपण आहे. जी गाडी ‘माहीत नाही’ याला ‘नाही’ समजते ती मूर्ख नाही. उलट, माहीत नसताना ‘हो’ समजून छप्पर हलवणारी गाडी काच फोडेल, बोटं चिरडेल. खटकतं ते तिचं कारण न सांगणं. बनवणाऱ्याला कारण ठाऊक असतं. ते गाडीच्या आत कुठेतरी आकड्यांत लिहिलेलंही असतं आणि कंपनीच्या संगणकाने वाचता येतं. मालकाला मात्र ते दाखवायचं नाही असं कुणीतरी ठरवलेलं असतं. डिक्कीची तार बोलत नाही, एवढी एक ओळ त्या काचेवर उमटली असती, तर मिलच्या आवारात रात्री पाच मिनिटांत काम झालं असतं. नागपूरच्या ट्रकचा विषयच निघाला नसता. यंत्र बनवणाऱ्यांचा आपल्यावर इतका अविश्वास का, हे मला कळत नाही. की आपण दुरुस्त करू लागलो तर त्यांचं नुकसान, हे साधं उत्तर पुरेसं आहे?

वायरिंगवाल्यांनी तार जोडली ती मात्र पाहण्यासारखी होती. तुटलेल्या जागीच जोड दिला असता तर तो पुन्हा तिथेच तुटला असता, कारण झाल दिलेली जागा ताठ होते आणि वाकायचं काम तिच्या शेजारच्या तांब्यावर पडतं. म्हणून त्यांनी वाकण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, बरंच लांब, तार कापली आणि मधला सगळा भाग नव्या, मऊ, बारीक तारांच्या वायरने बदलला. जोड दोन झाले, पण दोन्ही अशा ठिकाणी गेले जिथे काही वाकत नाही. त्यांच्यावर आकसणारी नळी चढवली, लायटरच्या आचेने बसवली. मग शेजारच्या तारा एक-एक ओढून पाहिल्या. ‘‘ह्याबी थकल्या आहेत,’’ म्हणाले, आणि न विचारता आणखी एक तशीच बदलली.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रिलेची टिचकी आली. मग पंपाचा घरघराट. काचा बोटभर उतरल्या, मागचं झाकण वर उठलं, आणि डिक्कीतून ते काळं कापड कमानी पसरत पसरत डोक्यावरून पुढे आलं, पुढच्या चौकटीला टेकलं आणि आकड्याने त्याला आत ओढून घेतलं. वीस सेकंदसुद्धा लागले नसतील. कापड म्हणतो, पण ते एक नव्हतं; वर ऊनपाऊस सोसणारा थर, मध्ये पाणी अडवणारा रबराचा थर, आत अस्तर. त्याच्या घडीतून रात्रीचा भुसा आणि सुकलेल्या मोगऱ्याच्या पाकळ्या सीटवर गळल्या.

मजुरी त्यांनी ट्रॅक्टरच्या वायरिंगला घेतात तेवढीच सांगितली. भाच्याने दुप्पट द्यायला काढले, ते त्यांनी घेतले नाहीत. वायरचे पैसे तेवढे वेगळे लावले. मग एक अट घातली, की नागपूरला पोचल्यावर शोरूमवाल्यांना सांगायचं, गोंदियाला एकाने तार जोडली आहे, आणि ती कुठे जोडली तेही दाखवायचं. ‘‘त्यांनी उघडून पाहिलं पाहिजे. चांगली नसेल तर मले फोन करून सांगा.’’

एव्हाना मिलचे सगळे हमाल, भात गिरणीवर आलेले दोन शेतकरी, मालकांची नातवंडं आणि मांडव सोडवायला आलेली पोरं गाडीभोवती जमले होते. छप्पर लागताना त्यांच्यातल्या निम्म्यांनीच पाहिलं होतं. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी पुन्हा उघडायचा आग्रह धरला. भाच्याने उघडलं, बंद केलं. ज्यांनी आधी पाहिलं होतं त्यांना आता जवळून पाहायचं होतं. उघडलं, बंद केलं. कालच्या त्या हमालांपैकी एकाने विचारलं, की हे धानाच्या थप्पीवर बसवायचं तर किती लागतील? त्यावर सगळे हसले. वायरिंगवाले हसले नाहीत. त्यांनी थप्पीची लांबी विचारली, रुंदी विचारली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, की लोखंडी कमानी, खाली चाकं आणि रूळ केले तर हाताने ओढता येईल, मोटर कशाला पायजे. दोघे मिलच्या भिंतीकडे जाऊन विटेने जमिनीवर रेघा ओढू लागले. तेवढ्यात नातवंडांपैकी एकाने गाडीत शिरून पुन्हा बटण दाबलं, आणि वायरिंगवाले तिकडूनच ओरडले, ‘‘बस करा रे, पंप गरम होते!’’